सागरी टाकीतील शेवाळाला जागा नेमून देताना

कॅरिबियन समुद्रातील प्रवाळांमध्ये डायडेमा नावाचा काळा, लांब काट्यांचा अर्चिन, म्हणजे गोलाकार सागरी प्राणी, राहत असे आणि रात्रभर खडकांवरचे शेवाळ खरवडून खात असे. १९८३ च्या जानेवारीत पनामाच्या किनाऱ्याजवळ हे अर्चिन रोगाने मरू लागले आणि पुढच्या साधारण वर्षभरात त्या संपूर्ण समुद्रातील ९० टक्क्यांहून अधिक अर्चिन नाहीसे झाले. जमैकाच्या प्रवाळांना १९८० मध्येच मोठ्या चक्रीवादळाचा तडाखा बसला होता आणि शेवाळ खाणारे मासे तर अनेक वर्षांच्या मासेमारीत संपत आलेले होते. चरणारा शेवटचा प्राणीही गेल्यावर तेथील खडकांवर शेवाळ अक्षरशः पसरत गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस खडकांच्या सुमारे निम्म्या भागावर जिवंत प्रवाळ होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस ते पाच टक्क्यांच्याही खाली उतरले आणि शेवाळाचे आच्छादन ९० टक्क्यांवर पोहोचले.

घरातील प्रवाळांची टाकी सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण लक्षात ठेवावे असे मला वाटते, कारण आपल्या टाकीत जमैकापेक्षाही बिकट परिस्थिती आपणच निर्माण करत असतो. खऱ्या प्रवाळक्षेत्रातील पाण्यात शेवाळाला पोसणारे नायट्रेट आणि फॉस्फेट अत्यल्प असतात आणि चरणारे तोंड जागोजागी असते. टाकीत मात्र आपण रोज खाद्य टाकतो, दिवसाचे आठ-नऊ तास तीव्र प्रकाश देतो आणि चरायला दोन-चार गोगलगायी सोडतो. अशा पाण्यात शेवाळ उगवणारच. ते कोठे उगवावे हे मात्र आपल्याला ठरवता येते. माझ्या सुमारे २५० लिटरच्या टाकीत आठ वर्षे शेवाळाशी व्यवहार केल्यानंतर मी याच एका तत्त्वावर स्थिरावलो आहे: प्रवाळांच्या खडकांवर शेवाळाला टिकू द्यायचे नाही आणि टाकीखालच्या वेगळ्या कप्प्यात, आपण नेमून दिलेल्या जागी, त्याला मनसोक्त वाढू द्यायचे. पुढील सर्व कृती या तत्त्वातूनच निघतात आणि त्यांत कोणतेही शेवाळनाशक औषध लागत नाही.

आधी ओळख, मग उपाय

‘शेवाळ आले’ एवढ्या निदानावर उपाय सुरू करू नयेत, कारण आपण शेवाळ म्हणतो त्यांतील काही शेवाळ नसतातच आणि एकाचा उपाय दुसऱ्याला पोसणारा ठरतो.

नव्या टाकीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर आणि काचेवर तपकिरी पूड पसरल्यासारखी दिसते, ती डायटम्स या सूक्ष्म जीवांची असते. त्यांच्या कवचाला सिलिका लागते. पाण्यातील सिलिकेट संपले की ती बहुधा आपोआप जातात. तेव्हा घाबरून काही करू नये. हिरवे, मऊ, बोटाने ओढल्यास तुटणारे धागे म्हणजे केसाळ शेवाळ. हाच आपला नेहमीचा पाहुणा. त्याच्यासारखेच दिसणारे पण पिसासारखी दोन्ही बाजूंना फुटलेली पाती असणारे ब्रायॉप्सिस फार चिवट असते आणि बहुतेक प्राणी त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून ते एका दगडावर दिसताच तो दगड बाहेर काढणे उत्तम. चकचकीत हिरव्या मण्यांसारखे दिसणारे व्हॅलोनिया, म्हणजे बुडबुडा शेवाळ, खडकांच्या खाचांत वाढते. गुलाबी-जांभळा, दगडासारखा कठीण थर मात्र कोरलाइन शेवाळाचा असतो. तो आपला मित्र आहे, कारण त्याने व्यापलेल्या खडकावर इतरांना सहज पाय रोवता येत नाहीत.

आता उरले दोन. गडद लाल किंवा काळपट, चादरीसारखा सलग उचलला जाणारा बुळबुळीत थर म्हणजे सायनोबॅक्टेरिया, जे जिवाणू आहेत. आणि तपकिरी, शेंबडासारखे लोंबणारे, टोकाला हवेचे बुडबुडे अडकलेले धागे म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, ज्यांना सगळे नुसते ‘डायनो’ म्हणतात. हे दुपारी भरात असतात आणि दिवे बंद झाल्यावर पुष्कळदा विरल्यासारखे दिसतात. शंका असल्यास एक सोपी चाचणी करावी. टाकीतील थोडा बुळबुळीत थर पाण्यासह झाकणाच्या लहान बरणीत घेऊन ती जोराने हलवावी, ते पाणी कागदी नॅपकिनमधून स्वच्छ ग्लासात गाळावे आणि ग्लास दिव्याखाली ठेवावा. गाळलेल्या स्वच्छ पाण्यात तासाभरात पुन्हा तपकिरी धागे जुळून आले, तर ते डायनो समजावेत. सुटे पेशीजीव कागदातून पार होतात आणि प्रकाशात पुन्हा एकत्र येतात. मी ही चाचणी प्रथम केली तेव्हा चाळीस मिनिटांत ग्लासाच्या तळाशी कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक जाळी तयार झालेली पाहिली, आणि त्याच दिवशी माझे सगळे उपाय उलटे फिरवावे लागले. ते का, हे पुढे येईल.

पाणी कोठून येते

टाकीत पोषकद्रव्ये शिरण्याचे पहिले दार म्हणजे पाणी. मीठ विरघळवण्यासाठी आणि बाष्पीभवनाची भर घालण्यासाठी आरओ पडद्यातून आणि त्यानंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून गेलेले, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे पाणीच वापरावे. आपल्याकडे अनेकजण स्वयंपाकघरातील प्युरिफायरचे पाणी ‘आरओचेच तर आहे’ म्हणून वापरतात. येथे मोठी फसगत होते. घरगुती प्युरिफायरमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, जो पडद्यातून न गेलेले थोडे पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. काही यंत्रांत वरून खनिजेही घातली जातात. पिण्यासाठी ते योग्यच आहे, परंतु त्या पाण्याबरोबर कच्च्या पाण्यातील नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेटही टाकीत येतात. टाकीसाठी वेगळा पडदा आणि वेगळे रेझिन ठेवण्याला पर्याय नाही.

पुण्यात आमच्या सोसायटीला एका उन्हाळ्यात टँकरचे पाणी सुरू झाले. धरणाच्या पाण्याचा टीडीएस शंभरीच्या आसपास असे. टँकरमध्ये बोअरवेलचे पाणी येत असल्यामुळे तो सातशेच्या वर गेला. चांगला पडदा विरघळलेल्या क्षारांपैकी ९६ ते ९८ टक्के अडवतो, म्हणजे शंभराचे दोन-चार उरतात, पण सातशेचे चौदा ते अठ्ठावीस. तेवढा भार रेझिनवर पडला आणि सहा महिने चालणारे रेझिन पाच आठवड्यांत संपले. माझ्या मीटरवर तोपर्यंत शून्यच दिसत होते, तरीही वाळूवर तपकिरी थर धरू लागला. कारण असे की रेझिन संपत आल्यावर सर्वांत आधी सिलिकेट सुटते आणि ते टीडीएस मीटरला जवळजवळ दिसतच नाही. तेव्हापासून मी रंग बदलणारे रेझिन वापरतो आणि दोन-तृतीयांश नळी रंग बदलून झाली की मीटरकडे न पाहता ते बदलतो. ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांनी मार्च ते जून ही तपासणी दर आठवड्याला करावी.

किनाऱ्यावरून समुद्राचे पाणी आणण्याचा मोहही टाळावा. मुंबई आणि तिच्या लगतच्या खाड्यांतील पाण्यात सांडपाण्याचा भाग मोठा असतो. त्यापेक्षा चांगल्या प्रतीचे कृत्रिम मीठ महाग पडले तरी परवडते.

शून्य आकडा फसवा असतो

टेस्ट किटने नायट्रेट आणि फॉस्फेट आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी मोजावे आणि वहीत लिहावे. घरच्या मिश्र प्रवाळांच्या टाकीसाठी नायट्रेट २ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१० पीपीएम ही मर्यादा मला समाधानकारक वाटते. येथे दोन चुका नेहमी होतात. पहिली अशी की खडकांवर हिरवे केस बोटभर वाढलेले असतात आणि किट मात्र शून्य दाखवते. मग माणूस म्हणतो की पाणी उत्तम आहे, शेवाळाचे कारण दुसरे काही असेल. वास्तविक ते शेवाळच पाण्यातले सर्व काही ओढून घेत असते. किट केवळ उरलेले मोजते, खाऊन झालेले मोजत नाही. दुसरी चूक याहून वाईट: शून्य हेच ध्येय मानून माणूस फॉस्फेट शोषणारी माध्यमे टाकत राहतो, प्रवाळ फिकट पडतात, उपाशी राहतात, आणि इतर सर्व सूक्ष्मजीव कमी झालेल्या त्या रिकाम्या पाण्यात डायनो हातपाय पसरतात.

पाणी बदलण्याविषयीही अपेक्षा वाजवी असावी. नायट्रेट २० पीपीएम असताना २० टक्के पाणी बदलले तर ते १६ होते. आठवडाभरात खाद्यातून पुन्हा ४ पीपीएमची भर पडत असेल, तर तुम्ही वर्षभर न चुकता दर रविवारी २० टक्के पाणी बदलूनही आकडा २० वरच राहील. पाणी बदलणे सूक्ष्म क्षारांसाठी आणि गाळ ओढून काढण्यासाठी आवश्यकच आहे, पण आवक कमी केल्याखेरीज शेवाळ त्याने हटत नाही.

आवक म्हणजे मुख्यत्वे खाद्य. गोठवलेल्या मायसिस किंवा ब्राइन कोळंबीची वडी तशीच टाकीत टाकू नये. ती वाटीत, टाकीच्याच पाण्यात वितळू द्यावी, चहाच्या बारीक गाळणीतून गाळावी, वर थोडे आरओचे पाणी ओतावे आणि गाळणीत उरलेलेच माशांना द्यावे. गाळून निघालेले गढूळ पाणी एकदा फॉस्फेटच्या किटने मोजून पाहा, म्हणजे पुन्हा सांगावे लागणार नाही. खाद्य दोन-तीन वेळा थोडे थोडे द्यावे आणि दोन मिनिटांत जेवढे संपते तेवढेच द्यावे. गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाताना शेजाऱ्यांवर टाकी सोपवायची असेल, तर खाद्याचा डबा त्यांच्या हाती देऊ नये. आठवड्याच्या गोळ्या ठेवण्याची कप्प्यांची डबी मिळते, तिच्यात रोजचा भाग मोजून भरून ठेवावा. माया करणारा शेजारी चार दिवसांत जेवढे फॉस्फेट टाकीत घालतो ते काढायला दोन महिने लागतात. याचे कारण खडकांत आहे: फॉस्फेट कॅल्शियमयुक्त खडकांना आणि वाळूला चिकटून बसते आणि पाण्यातील प्रमाण कमी झाले की हळूहळू पुन्हा सुटत राहते. जुना, कोरडा खडक विकत घेतल्यास तोही आधी बादलीत, खाऱ्या पाण्यात, पंप लावून दोन आठवडे ठेवावा आणि त्या पाण्यातील फॉस्फेट मोजूनच टाकीत न्यावा.

स्किमर आणि गाळण-पिशवी यांचे काम थोडक्यात सांगतो. स्किमर सेंद्रिय पदार्थ कुजण्यापूर्वीच फेसातून बाहेर काढतो, म्हणून त्याचा पेला आणि गळा दर तीन-चार दिवसांनी पुसावा. पिशवीत अडकलेला गाळ पाण्यातच असतो आणि तेथेच कुजतो. ती दोन-तीन दिवसांत बदलायची नसेल तर न लावलेली बरी.

हाताने काढणे

हे काम कंटाळवाणे असले तरी त्याला पर्याय नाही, कारण वाढलेले केसाळ शेवाळ गोगलगायी खात नाहीत. त्या कोवळे, मिलिमीटरभर वाढलेले शेवाळ खरवडतात. जंगल आपण तोडायचे आणि पुन्हा उगवणारे गवत त्यांनी राखायचे, अशी ही वाटणी आहे.

सुटे दगड पाणी बदलण्याच्या दिवशी काढावेत. टाकीतून काढलेले पाणी बादलीत घ्यावे, दगड त्यात बुडवून चिमट्याने मोठे झुबके मुळाशी धरून ओढावेत आणि मग कडक दातांच्या ब्रशने घासावे. पाच मिनिटांत बादलीतील पाणी पालकाच्या रसासारखे होते. दगड दुसऱ्या बादलीतील स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळूनच परत ठेवावा. एका वेळी एक-तृतीयांशाहून अधिक दगड काढू नयेत. न हलणाऱ्या खडकांसाठी माझ्याकडे एक साधे साधन आहे: बारा मिलिमीटरच्या सायफनच्या नळीच्या तोंडाला दातांचा ब्रश केबल-टायने असा बांधलेला आहे की घासले जाणारे प्रत्येक तूस त्याच क्षणी नळीत ओढले जाते. टाकीत नुसते घासून तुकडे पाण्यात मोकळे सोडल्यास ते दहा नव्या जागी रुजतात. व्हॅलोनियाचे मणीही असेच, सायफनचे तोंड टेकवून, शक्यतो न फोडता सोडवून घ्यावेत.

एक इशारा गांभीर्याने देतो. खडकावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ जातीचे प्रवाळ असतील तर हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय घासू नये. त्यांच्यातील काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. असे खडक कधीही उकळू नयेत आणि त्यांवर गरम पाणी ओतू नये. त्या वाफेने घरातील सर्वांना रुग्णालयात जावे लागल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

चरणारे प्राणी

माझ्या पसंतीत पहिले स्थान ट्रोकस गोगलगायीचे आहे. ती काचेवर आणि खडकावर सारखीच चरते आणि उलटी पडली तर स्वतः सरळ होते. अॅस्ट्रिया गोगलगायीला तसे जमत नाही. ती वाळूवर उलटी पडली की तशीच मरते आणि तिचे कुजलेले शरीर पुन्हा शेवाळाचेच खाद्य होते. २५० लिटरच्या टाकीत सुरुवातीला आठ-दहा ट्रोकस पुरेशा होतात आणि गरज दिसल्यास महिन्याने आणखी चार-पाच घालाव्यात; दुकानदार सांगतात तशा पन्नास एकदम सोडल्यास महिन्यात निम्म्या उपाशी मरतात. क्षारतेतील बदल त्यांना फार बाधतो, म्हणून पिशवीतील पाण्यात टाकीचे पाणी थेंबथेंब सोडत तास-दीड तास घ्यावा. वाळूत राहणाऱ्या नॅसॅरियस गोगलगायी शेवाळ खात नाहीत, पण उरलेले खाद्य कुजण्यापूर्वी शोधून काढतात, म्हणून त्याही चार-पाच असाव्यात.

मोठ्या कामासाठी अर्चिन ठेवावा. टक्सेडो अर्चिन लहान राहतो आणि घरगुती टाकीला शोभतो. तो जेथून गेला तेथे काचेवर पाच टोकांच्या चांदणीसारख्या बारीक खुणांची ओळ उमटते, कारण त्याच्या तोंडात पाच दात एकत्र मिटतात आणि उघडतात. सकाळी दिवे लागण्यापूर्वी टॉर्चने पाहिल्यास रात्रीचा त्याचा सगळा प्रवास काचेवर वाचता येतो. तो कोरलाइनही खातो आणि चिकटवलेले नसलेले प्रवाळाचे तुकडे पाठीवर घेऊन फिरतो, म्हणून प्रत्येक तुकडा आधी घट्ट बसवावा. शेवाळ फारच माजले असेल तर सी-हेअर, म्हणजे समुद्री ससा, ते दोन-तीन आठवड्यांत फस्त करतो. मात्र नंतर त्याला खायला काहीच उरत नाही. त्यामुळे तो विकत घेऊन मरू देण्यापेक्षा ओळखीच्या छंदकऱ्यांनी एक प्राणी आळीपाळीने वापरावा आणि त्याच्या काळात प्रत्येक पंपाच्या तोंडाला जाळी बांधावी. व्हॅलोनियासाठी एमराल्ड खेकडा उपयोगी पडतो, तरी त्याला पोटभर शेवाळ मिळते आहे ना, हे पाहत राहावे.

माशांपैकी लॉनमोअर ब्लेनी लहान टाकीत चालतो. पिवळा टँग सर्वांनाच हवा असतो, पण त्याला लांब, मोकळे पोहण्याची जागा लागते आणि माझ्या टाकीएवढ्या जागेत तो ठेवू नये असे माझे ठाम मत आहे. ज्यांची टाकी मोठी आहे त्यांनी शक्यतो टाकीत पैदास झालेला घ्यावा. हवाईतील ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये या माशाची पैदास यशस्वी केल्यापासून तसे मासे मिळू लागले आहेत.

कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांवर कितीतरी शंख-गोगलगायी दिसतात आणि त्या उचलून आणाव्यात असे वाटते. तसे करू नये. भारतात कठीण प्रवाळांच्या सर्व जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, शंखांच्याही काही जाती संरक्षित आहेत, आणि मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील गोगलगायी कायम बुडालेल्या टाकीत फार काळ जगत नाहीत. त्या काचेवरून वर चढून बाहेर पडतात.

नेमून दिलेली जागा

आता मुख्य गोष्ट. टाकीखालच्या संपमध्ये, म्हणजे खालच्या जोडटाकीत, एक कप्पा असा ठेवावा की ज्यात फक्त शेवाळ वाढेल. यालाच रेफ्युजियम म्हणतात. एकूण पाण्याच्या दहा टक्क्यांएवढी जागा मिळाली तरी काम सुरू होते. त्यात कीटोमॉर्फा, म्हणजे छंदकऱ्यांच्या भाषेत ‘कीटो’, हे शेवाळ घालावे. भांडी घासण्याच्या हिरव्या नायलॉनच्या गुंडाळीसारखे ते दिसते, कोठेही मुळे धरत नाही आणि मुठीने उपटून काढता येते. कॉलर्पा दिसायला सुंदर असले तरी टाळावे. ते खडकांत मुळे शिरवते आणि कधीकधी एका रात्रीत जननपेशी सोडून सर्वच्या सर्व पांढरे पडते, तेव्हा त्याने महिनोन्‌महिने साठवलेली पोषकद्रव्ये काही तासांत पाण्यात परत येतात.

कीटोवर झाडांसाठीचा लाल-पांढरा एलईडी दिवा लावावा आणि तो मुख्य दिवे बंद असताना, रात्री, बारा ते चौदा तास चालवावा. रात्री टाकीतील सर्व जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पाण्याचा पीएच उतरतो. त्याच वेळी कीटो तो वायू वापरत असल्यामुळे ही घसरण कमी होते. येथील प्रकाश प्रदर्शनी टाकीपेक्षा शेवाळाला अधिक मानवणारा असला पाहिजे, नाहीतर ते वरच्याच मजल्यावर राहणे पसंत करेल. पाण्याचा प्रवाह गुंडाळी हळूहळू फिरत राहील इतका असावा. स्थिर राहिलेल्या गुंडाळीचा आतला भाग अंधारात कुजतो. गुंडाळीने कप्पा भरत आला की एक-तृतीयांश ते निम्मा भाग काढून टाकावा. ही कापणीच पोषकद्रव्ये टाकीबाहेर नेते. न कापलेले शेवाळ ही फक्त साठवण असते.

मोठ्या शेवाळांच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे सरासरी ३० अणू असतात. टेस्ट किटच्या भाषेत सांगायचे तर कीटो १ पीपीएम फॉस्फेट उचलताना सुमारे २० पीपीएम नायट्रेट उचलते. म्हणूनच खडकांतून फॉस्फेट सुटत असलेल्या टाकीत नायट्रेट आधी संपते, कीटो फिकट पिवळे पडून थांबते आणि फॉस्फेट तसेच राहते. अशा वेळी फॉस्फेट कमी करण्याच्या नादात खाद्य आणखी तोडू नये. स्किमर काही तास बंद ठेवून किंवा टाकीसाठी मिळणारे नायट्रेटचे द्रावण थोडे थोडे घालून नायट्रेट ३ ते ५ पीपीएमवर आणावे. कीटो पुन्हा हिरवे होते आणि फॉस्फेट उतरू लागते. हे प्रथम करताना मन कचरते, पण वहीतील आकडे काही आठवड्यांत खात्री देतात.

संपमध्ये जागाच नसेल तर शेवाळाची जाळी करावी. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर अॅडी यांनी प्रवाळांच्या कृत्रिम परिसंस्थांसाठी ही पद्धत विकसित केली. खरखरीत केलेल्या प्लॅस्टिकच्या जाळीवरून पाण्याचा पातळ पडदा वाहता ठेवायचा, तिच्यावर जवळून तीव्र प्रकाश पाडायचा आणि तिच्यावर धरलेले केसाळ शेवाळ दर सात-दहा दिवसांनी, एका वेळी एकच बाजू, खरवडून टाकायचे. जो त्रास खडकांवर होत होता तोच येथे आपल्या उपयोगी येतो.

वरच्या टाकीत प्रकाश आठ-नऊ तासांवर ठेवावा आणि खिडकीचे थेट ऊन काचेवर येऊ देऊ नये. तासाला टाकीच्या वीस ते तीस पट पाणी फिरवणारे वेव्हमेकर असावेत, म्हणजे गाळ कोपऱ्यांत बसत नाही. सायनोची लाल चादर बहुधा अशा मंद प्रवाहाच्या कोपऱ्यातच धरते; ती पातळ नळीने ओढून काढावी आणि वेव्हमेकरची दिशा बदलावी.

डायनो आढळल्यास

येथे वरील बहुतेक सल्ला थांबवावा. पाणी बदलणे स्थगित करावे, फॉस्फेट शोषणारी माध्यमे काढावीत, कीटोचा दिवा कमी करावा आणि नायट्रेट ५ ते १० व फॉस्फेट ०.०५ ते ०.१० पर्यंत सावकाश वाढू द्यावे, म्हणजे जिवाणू आणि साधे शेवाळ परत येऊन त्यांची जागा घेतात. चारशेपट मोठे दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक मिळाल्यास जात ओळखावी. थेंबाच्या आकाराचे आणि दोरीने बांधल्यासारखे एका बिंदूभोवती फिरणारे ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात सुटे होते, म्हणून त्यावर यूव्ही दिवा चालतो. अँफिडिनियम वाळूतच राहते आणि यूव्हीला सापडत नाही. तेथे सिलिकेट देऊन डायटम्सना स्पर्धेत उतरवण्याचा मार्ग उपयोगी पडतो. काही जाती विषारी असतात, त्यामुळे गोगलगायी निपचित पडू लागल्यास त्या दुसऱ्या भांड्यात हलवाव्यात आणि पाण्यात विष शोषणारा कार्बन लावावा.

किती दिवस लागतात

केसाळ शेवाळाने भरलेल्या टाकीत हे सर्व नीट सुरू केल्यास पहिले दोन आठवडे फरक दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घासलेल्या जागी परत येणारे शेवाळ आखूड आणि फिकट असते. हे पहिले चिन्ह. कीटोची पहिली मोठी कापणी साधारण याच सुमारास होते. आठ ते बारा आठवड्यांत खडक दिसू लागतात आणि त्यांवर कोरलाइनचे गुलाबी ठिपके येतात. या काळात दर आठवड्याला नवा उपाय जोडू नये. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला तीन आठवडे द्यावेत.

कापलेले कीटो मोरीत किंवा नाल्यात टाकू नये आणि समुद्रात तर मुळीच सोडू नये. १९८४ मध्ये मोनॅकोच्या मत्स्यालयाखालील समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा जेमतेम एक चौरस मीटरचा तुकडा आढळला होता, आणि पुढे ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरले. आपल्याकडेही मन्नारच्या आखातात लागवडीसाठी आणलेले कॅपाफायकस हे समुद्री शेवाळ कुरुसडई बेटाजवळच्या जिवंत प्रवाळांवर चढलेले आढळले आहे. मी कापलेली गुंडाळी आधी साध्या पाण्याच्या बादलीत तासभर बुडवतो, म्हणजे तिच्यातील मीठ आणि जीव दोन्ही जातात, मग गॅलरीत दोन दिवस उन्हात वाळवतो आणि कुरकुरीत झाल्यावर चुरून कुंड्यांच्या खतात मिसळतो.